पुंगळीचं पितळ कुठे जातं?

प्रश्न : आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. भावकीतली निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी परमुलखात. माझे थोरले चुलते मात्र फौजेत गेले, तोफखान्यात. 1971 ची लढाई करून काही वर्षांनी घरी आले, तेव्हा ट्रंकेत पितळेची एक जड फुलदाणी होती. ती तोफेच्या गोळ्याची पुंगळी आहे, असं ते सांगत. दर दिवाळीला मी ती चिंच-मीठ लावून घासते. या खेपेला मुलगी जवळ बसून बघत होती. तिनं विचारलं, "आई, एवढ्या गोळ्या रोज झाडतात, मग त्यांचं पितळ जातं कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. माझा भाऊ गलाईवाला. तो म्हणाला, "आण इकडं, मुशीत घालून आटवून देतो. त्यात काय आहे?" खरंच त्यात काय आहे? — एक वाचक भगिनी, तालुका कवठे महांकाळ

उत्तर : तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे. पितळ आटवायला फार मोठी विद्या लागत नाही, आणि विटा-आटपाडी-कवठे महांकाळच्या माणसाला तर मुळीच नाही. दुष्काळानं बाहेर काढलेल्या या पट्ट्यातल्या माणसांनी मूस, भाता आणि तेजाब यांच्या जोरावर देशभर घरं उभी केली. पण "त्यात काय आहे" हा प्रश्न तुमच्या भावानं ज्या सहजतेनं टाकला, तोच दारूगोळ्याच्या भंगारातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. सोनं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला गलाईवाला आधी टंच काढून देतो, मग भाव बोलतो. इथेही तसंच. धातू किती आहे हे तराजू सांगतो. आत काही जिवंत उरलेलं नाही, हे कुणीतरी माणसानं छातीवर हात ठेवून सांगावं लागतं. पुंगळ्यांच्या भंगाराचा सगळा व्यवहार या एका खात्रीवर उभा आहे. ती जिथे तुटते तिथे माणसं मरतात, आणि आपल्या महाराष्ट्रात मेलेली आहेत.

आधी पुंगळी जवळून पाहू. आपण सरसकट "गोळी" म्हणतो, तिचे खरे चार भाग. टोकाला उडून जाते ती गोळी. तिच्या पोटात शिसं, अंगावर तांब्याच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. मागे पितळेची नळी, ती पुंगळी. नळीत दारू. आणि बुडाला मध्यभागी बसवलेली टिकलीएवढी टोपी, जिच्यावर घोड्याचा खिळा आपटला की ठिणगी पडते. झाडून झालेली पुंगळी हातात घेतली तर त्या टोपीवर मसुराच्या दाण्याएवढा खड्डा दिसतो. भोवती गोल ठसे असतात. त्यात इंग्रजी "के.एफ." ही अक्षरं असली तर ती खडकीची, पुण्याजवळच्या त्या दारूगोळा कारखान्याची स्थापना 1869 ची, आणि तेव्हाच्या इंग्रजी "किरकी" नावातलं "के" अजून त्या ठशात आहे. तोंडाजवळ, मानेपाशी, पितळावर निळसर-तपकिरी झाक दिसते. अनेकांना ती दारूची काजळी वाटते आणि ते घासत बसतात. ती काजळी नाही. त्या झाकेची गोष्ट मोठी आहे, आणि ती हिंदुस्थानच्या पावसाळ्यातली आहे.

इंग्रजी फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली काडतुसं आपोआप तडकतात. कुणी हात लावलेला नाही, आपटलेली नाहीत, तरी मानेला उभ्या चिरा. थंडीच्या दिवसांत तेवढा त्रास नाही. हा ऋतूचा दोष आहे असं समजून त्याला नावही तसंच पडलं. खरं कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. पुंगळी करताना पितळेची वाटी दाबून ओढून लांब केली जाते, त्या ओढाताणीचा ताण धातूत अडकून राहतो. वर घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा. दोन्ही मिळाली की पितळ तडकतं. उपाय साधा निघाला : मान तापवून ताण मोकळा करायचा. ती निळसर झाक म्हणजे त्या तापवण्याची खूण. एका पागेतल्या तडकलेल्या काडतुसापासून धातुशास्त्राला केवढा धडा मिळाला, याचं मला दर वेळी नवल वाटतं. तुमच्यासाठी यातली व्यवहाराची गोष्ट एवढीच, की फुलदाणी गोठ्याच्या भिंतीला लागून ठेवू नका.

हे पितळ म्हणजे 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. नळाच्या तोट्यांच्या पितळात कातकामासाठी शिसं मिसळलेलं असतं. पुंगळीच्या पितळात ते चालत नाही, कारण हे पितळ खूप ओढता आलं पाहिजे, आणि तरी फाटता कामा नये. म्हणून मोडीच्या बाजारात या पितळाला मान आहे. रायफलची 7.62 मिलिमीटरची एक पुंगळी साधारण 11 ते 12 ग्रॅमची भरते. म्हणजे किलोला पंचाऐंशीच्या आसपास पुंगळ्या. जगभरच्या भंगार व्यापाऱ्यांनी प्रत्येक मालाला एकेका शब्दाचं नाव ठेवलेलं आहे. झाडून झालेल्या स्वच्छ पितळी पुंगळ्यांना ते "लेक" म्हणतात. भट्टीत तापवून टोप्या उडवून घेतलेल्या पुंगळ्यांना "लॅम्ब". धातू तोच, मिश्रण तेच, तरी दोन वेगळी नावं. खात्री कशी करून घेतली, एवढाच त्यांच्यातला फरक. व्यापाऱ्यानं नावातच टंच लिहून ठेवला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता मुलीचा प्रश्न. जवान चांदमारीवर जातात तेव्हा काडतुसं मोजून मिळतात आणि पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एखादी कमी भरली तर गवत पालथं घालून ती शोधतात. हे चिक्कूपणापायी नाही. हरवलेली वस्तू झाडलेली पुंगळी आहे की न झाडलेलं काडतूस आहे, हे मोजणीशिवाय कळणारच नाही. जमा झालेल्या ढिगातून जिवंत काडतुसं वेगळी काढायची, मग पुन्हा तपासणी, मग जबाबदार माणसाच्या सहीनं "यात स्फोटक नाही" असा दाखला. पुंगळ्या चेपून किंवा कापून टाकायच्या, म्हणजे कुणाला त्या पुन्हा भरता येणार नाहीत. त्यानंतर लिलाव. सरकारी भंगाराचे असे लिलाव बहुतेक वेळा एम.एस.टी.सी. या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत संगणकावर होतात. घेणारा ते पितळ भट्टीवर नेतो, आणि तिथून पुढे ते कुठेही निघतं : नळाची चावी, बिजागरी, देवघरातली समई. तुमच्या घरातल्या एखाद्या तोटीत अशी पुंगळी आटलेली असू शकते. ते ओळखायची सोय मात्र नाही, कारण रस एकदा झाला की धातूला आपलं पूर्वीचं रूप आठवत नाही.

चांदमारीच्या मातीच्या बांधात घुसलेल्या गोळ्यांचं शिसंही चाळून काढता येतं. आपल्याकडे चांदमारीच्या आसपासची पोरं ते वेचतात आणि चुलीवर डब्यात वितळवून गळाची वजनं करतात. शिसं 327 अंशांना वितळतं, चूल पुरते, म्हणूनच ते धोक्याचं. त्याची वाफ आणि धूळ पोटात गेली की लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही. चांदी शुद्ध करताना शिसं वापरणाऱ्या जुन्या गलाईवाल्यांना हे कुणी सांगावं लागत नाही; त्यांच्यातल्या कित्येकांनी ते अंगावर काढलेलं आहे.

पितळाच्या मुशीत तुमच्या भावाला वेगळी अडचण येईल. सोन्या-चांदीला तो टाकणखार घालून निवांत आटवतो. पितळात तांबं 1085 अंशांना वितळणारं आणि जस्त 907 अंशांनाच उकळणारं. म्हणजे एक रस होता होता दुसरं वाफ होऊन उडायला लागतं. मुशीवर हिरवट-पांढरी ज्योत नाचते आणि पांढरा धूर कापसासारखा तरंगतो. तो जस्ताचा धूर. ओतकाम करणारे वर कोळशाची पूड किंवा काचेचा चुरा टाकून रस झाकतात आणि उडालेलं जस्त शेवटी वरून घालून भरून काढतात. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो. हिवतापच समजून अनेक ओतारी वर्षानुवर्षं गोळ्या खात राहिले.

तरीही ही सगळी कारागिरीची बाब झाली, शिकता येते. न शिकता येणारी गोष्ट म्हणजे ढिगातली ती एक टोपी, जिच्यावर खड्डा नाही. टोपीत असलेला कणभर मसाला उघड्यावर फट् करून उडतो. बंद मुशीत, तापल्या रसाखाली तो उडाला तर रस छपरापर्यंत जातो. आणि अख्खं काडतूस निघालं तर विचारायलाच नको.

मोठ्या दारूगोळ्याचं गणित याहून वेगळं. तोफगोळे, सुरुंग, बाँब यांनाही आयुष्य असतं. मुदत उलटली की ते बाद ठरतात. झाडून मोकळी झालेली पुंगळी आणि भरलेला, पण म्हातारा झालेला गोळा यांच्यात हे मोठं अंतर. अशा गोळ्यात बहुधा टी.एन.टी. असतं, आणि ते सुमारे 80 अंशांनाच वितळतं, चहाच्या आधणापेक्षाही कमी. म्हणूनच कारखान्यात ते पातळ करून गोळ्यात ओतता येतं, आणि म्हणूनच योग्य यंत्रणा असेल तर वाफेनं पुन्हा बाहेरही काढता येतं. मग उरतं ते चांगल्या प्रतीचं पोलाद आणि तांब्याचा पट्टा. पण जो माल खोलण्याच्या पलीकडे गेलेला असतो, तो मोकळ्या रानात खड्ड्यात ठेवून उडवून टाकावा लागतो.

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव हे देशातल्या दारूगोळ्याच्या सगळ्यात मोठ्या भांडारांपैकी एक. 2016 च्या मे महिन्याच्या शेवटी तिथे मध्यरात्री आग लागून मोठा अनर्थ झाला, तो अनेकांना आठवत असेल. त्यानंतर अडीच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 2018 ला सकाळी, भांडाराजवळच्या सोनेगावच्या शिवारातल्या मैदानावर बाद दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवून घेताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. मेलेल्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीवर आलेले मजूर होते. अशा मैदानांवर मजूर खड्डे खणतात, खोकी उतरवतात, आणि स्फोट झाल्यावर रानात उडालेलं लोखंड-तांबं गोळा करतात. शेतीचं काम नसलेल्या दिवसांत हाताला मिळालेलं हे काम. मला या बाबतीत एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. त्या माणसांच्या अडाणीपणाला दोष देणं चुकीचं आहे. धोका कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. शेजारच्या दुकानात तांब्याचा भाव काय आहे, तेही ठाऊक असतं. आणि ज्या घरात दुसरी मिळकत नाही, तिथे दुसऱ्या माहितीपुढे पहिली टिकत नाही.

अहिल्यानगरजवळ के.के. रेंज म्हणून रणगाड्यांचं सरावक्षेत्र आहे. खारेकर्जुने आणि आसपासच्या गावांची हीच व्यथा. सरावात झाडलेल्या गोळ्यांपैकी काही फुटतच नाहीत. ते मातीत रुतून बसतात, पावसानं वर येतात, नांगराला लागतात. भंगारात विकण्यासाठी असा गोळा घरी आणून त्यावर हातोडा-छिन्नी चालवताना तिथे माणसं गेलेली आहेत. पुढच्या टोकाला असलेला पितळेचा फ्यूज भंगारवाल्याला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्याला भाव येतो. नेमका तोच भाग सगळ्यात जिवंत. पुंगळी मागच्या बाजूची असते आणि झाडल्यावर ती मोकळी होते. पुढे गेलेला गोळा फुटला नसेल तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. पुंगळी आणि गोळा हा फरक गावोगावच्या भंगाराच्या दुकानात पाटी लिहून लावावा, असं मला मनापासून वाटतं.

परदेशातून येणाऱ्या भंगारानंही हे दुःख आपल्या दारात आणलं. 30 सप्टेंबर 2004 ला उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळच्या साहिबाबादला एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून आलेले गोळे फुटले आणि दहाएक कामगार गेले. त्यानंतर बंदरांवर शोधाशोध झाली तेव्हा ठिकठिकाणच्या कंटेनरांतून तसलाच माल निघाला. सरकारनं मग नियम कडक केला : तुकडे न केलेलं भंगार जहाजावर चढण्याआधीच तपासलेलं असावं, आणि त्यात युद्धसाहित्य किंवा किरणोत्सारी वस्तू नसल्याचा दाखला सोबत असावा. पुन्हा तीच गोष्ट. लोखंड परदेशातलं असो की खडकीचं, विकत घ्यायची असते ती खात्री.

तुमच्या पत्रानं मला एका जुन्या लिलावाची आठवण झाली, आणि तो तुमच्या गावापासून जतमार्गे पुढे गेलं की येणाऱ्या विजापूरचा आहे. तिथल्या बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली. तिचा धातू म्हणजे सुमारे चार भाग तांबं आणि एक भाग कथील, घंटेला लागतो तसा. विजापूर तेव्हा साताऱ्याच्या कमिशनरच्या हाताखाली होतं. 1854 मध्ये साताऱ्याहून हुकूम सुटला की निरुपयोगी जुनं सामान लिलावात काढा. त्यात ही तोफही आली. सगळ्यात वरची बोली आली 150 रुपयांची. पन्नासाहून अधिक टन वजनाची तोफ, आणि 150 रुपये! ती फोडणार कशानं आणि बुरुजावरून उतरवणार कशी, हाच घेणाऱ्यांपुढचा प्रश्न असणार. विजापूरच्या अधिकाऱ्यानं एवढ्या कमी बोलीकडे आणि तोफेच्या महत्त्वाकडे वरच्यांचं लक्ष वेधलं, आणि विक्री रद्द झाली. म्हणून ती आज आपल्याला पाहायला मिळते.

सगळ्याच तोफांच्या नशिबी हे नव्हतं. इंग्रजांचं व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक पकडलेल्या तोफांच्या ब्राँझमधून घडवतात. त्या तोफा क्रिमियाच्या युद्धात रशियनांकडून जिंकलेल्या, अशी समजूत. नंतर धातू तपासला तेव्हा त्यातला काही चिनी तोफांचा दिसला. कोकणातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीचे. 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर हे पदक मिळालं. कुठल्या देशाच्या तोफेचा तुकडा कुठे येऊन पोचला!

आता कायद्याचं, कारण तुमचा भाऊ उद्या खरंच पुंगळ्या विकत घ्यायला बसेल. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या करताना त्याचे सुटे भागही धरले आहेत. त्याच कायद्याच्या 45 व्या कलमात, दुसऱ्या भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे. घरातल्या एका फुलदाणीमागे कुणी लागत नाही. पण पोतंभर पुंगळ्या, त्याही न चेपलेल्या आणि कागदाशिवाय, भट्टीवर सापडल्या तर "मी आटवणार होतो" हे पोलिसांना पटवणं कठीण जाईल, आणि जायलाच हवं. लिलावाची पावती आणि स्फोटक नसल्याचा दाखला हातात असल्याशिवाय असा माल घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. स्वस्त असेल तर मुळीच नको.

राहिली तुमची फुलदाणी. चुलते तोफखान्यातले, काळ 1971 चा, तेव्हा ती पंचवीस पौंडी तोफेची असण्याचा संभव बराच आहे. तिची पुंगळी वीतभर आणि वर चार बोटं उंच, म्हणजे साधारण 29 सेंटिमीटर, आणि तोंड 88 मिलिमीटरच्या आसपास. मुलीला पट्टी घेऊन मोजायला सांगा. मग फुलं काढून ती उलटी करा. बुडावर इंग्रजीत "25 पी.आर." असे ठसे दिसले तर ओळख पटली. त्याशेजारी "सी.एफ." अशी अक्षरं असतील, ती दारूच्या भरणीची खूण. या मोठ्या पुंगळ्या झाडून झाल्या की आटवत नसत. कारखान्यात परत नेऊन, आकार नीट करून पुन्हा भरत, आणि भरणीगणिक नवा ठसा मारत. म्हणजे तुमच्या चुलत्यांच्या हाती येण्याआधी ती कदाचित दोन-तीनदा रणात किंवा सरावात जाऊन आलेली असेल. ठसे मोजून मुलीलाच ते शोधू द्या.

शेवटी बुडाच्या मधोमध बघा. तिथे आरपार भोक असेल किंवा भोकात साधा पितळी बूच बसवलेला असेल, तर काळजी नाही. जुनी टोपी तशीच असेल आणि तिच्यावर मसुराएवढा खड्डा असेल, तर ती झाडून झालेली आहे. पण टोपी असेल आणि तिचा माथा सपाट असेल, तर चिंच-मीठ बाजूला ठेवा, फुलदाणी हळूच आहे तिथे टेकवा, पोरांना बाहेर न्या आणि 112 ला फोन लावा. भावाला मात्र त्या दिवशी बोलावू नका.